जुनी फोर बाय फोर घ्यायचीय? आधी गाडीखाली शिरा

सेकंड हँड फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी, बघायला जाताना तीन गोष्टी सोबत न्या. जुनी चादर, चांगला टॉर्च आणि ओळखीचा मिस्त्री. चादर अंथरायची, टॉर्च घेऊन गाडीखाली शिरायचं आणि मिस्त्री काय बोलतात ते नीट ऐकायचं. बोनेट, सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, छतावरचा एलईडी बार हे सगळं नंतर बघितलं तरी चालतं. गेले काही महिने आम्ही मुंबई, ठाणे, नवी मुंबई, अगदी पनवेलपर्यंत जाऊन जुन्या जिप्सी आणि जुन्या थार बघत होतो आणि ज्या गाड्या वरून सगळ्यात देखण्या होत्या त्यातल्या बऱ्याच खालून सडलेल्या निघाल्या, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतेय. मराठीत ह्या विषयावर कोणी नीट लिहिलेलं मला तरी सापडलं नाही.

आधी आम्हाला ही गाडी कशाला हवी होती ते सांगते, कारण त्यावर पुढचं सगळं ठरतं. सासर संगमेश्वर तालुक्यातलं. आंबा-काजूची बाग घरापासून वर, डोंगराच्या अंगाला आहे, आणि तिथे जाणारी वाट म्हणजे लाल माती, मध्ये जांभ्याचे उघडे पडलेले दगड आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ. मुंबईहून गावापर्यंत हायवेने कुठलीही गाडी जाते, प्रश्न त्या शेवटच्या चढाचा. पहिला पाऊस पडून गेला की खत टाकायचं असतं आणि नेमका तेव्हाच तो रस्ता बंद, मग पोती डोक्यावरून वर न्यायची. सासरे आता सत्तरीच्या पुढे आहेत, गडी मिळत नाहीत, मिळाले तर दोन दिवसांनी येतात. म्हणजे स्टाईल म्हणून, गाडीचा फोटो टाकायला म्हणून घ्यायची नव्हती. चढावर पोती न्यायला घ्यायची होती आणि मुंबईत सोसायटीच्या पार्किंगमध्ये मावायला हवी होती, एवढंच.

एकाने सुचवलं की किनाऱ्यावर फिरवतात तसली चार चाकांची एटीव्ही घ्या, स्वस्तात पडेल. बागेत फिरायला ती उत्तमच, पण त्यातल्या बहुतेकांना रस्त्यावर चालवायचा नंबरच मिळत नाही, स्वतःच्या जागेतच चालवायची, मग ती गावी टेम्पोत घालून न्या आणि वर्षभर शेडमध्ये ठेवा. आम्हाला मुंबई ते बाग एकच गाडी हवी होती.

आता बाजारात काय काय आहे. सगळ्यात ओळखीची जिप्सी. १९८५ ला आली तेव्हा ९७० सीसीचं इंजिन होतं, मग नव्वदीत १३०० चं आलं, तीच जिप्सी किंग, आणि २००० च्या सुमारास तिला एमपीएफआय म्हणजे इंजेक्शनवालं इंजिन मिळालं, १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, ८० हॉर्सपॉवर. हे इंजिन मारुती एस्टीमच्या कुळातलं, त्यामुळे इंजिनाच्या सुट्या भागांची अडचण अजून फारशी येत नाही, आणि मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आहेच, तिथे माणसाला काय हवंय ते सांगता आलं पाहिजे, बस्स. दुसरी जुनी थार, २०१० ते २०२० वाली, सीआरडीई डिझेल, अडीच लिटरचं इंजिन, १०५ हॉर्सपॉवर. ताकद जबरदस्त, पण वजन जास्त. तिसरी २०२० च्या ऑक्टोबरपासूनची नवी थार. ही सुरुवातीला सगळी फोर बाय फोरच होती, पण जानेवारी २०२३ मध्ये फक्त मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेली स्वस्त थार आली, आणि आता सेकंड हँडला दोन्ही शेजारी शेजारी उभ्या असतात, दिसायला जवळपास सारख्याच. जाहिरातीत नुसतं 'थार, टॉप कंडिशन' लिहिलेलं असतं. फोनवरच विचारा की छोटा गिअर, म्हणजे मोठ्या गिअरशेजारचा फोर बाय फोरचा दांडा, आहे का. नसेल तर ती फोर बाय फोर नाही, विषय संपला. रॉक्समध्ये, म्हणजे पाच दारांच्या थारमध्ये, पण फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये येते हे लक्षात ठेवा. २०२३ ला आलेली जिमनी मात्र सरसकट फोर बाय फोर आहे आणि छोटा गिअरपण आहे, आम्हाला तीच सगळ्यात आवडली होती पण बजेटच्या बाहेर. डस्टर एडब्ल्यूडी पण बघितली, चालवायला फार सुखाची गाडी, पण तिला लो रेंज नाही, आणि आमच्या चढाला लो रेंजशिवाय पर्याय नाही.

लो रेंज म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ह्या गाड्यांना नेहमीच्या गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, ट्रान्सफर केस, मिस्त्री लोक नुसतं ट्रान्सफर म्हणतात. तिच्यातून एक शाफ्ट मागे जातो, एक पुढे. छोट्या गिअरने टू हाय (फक्त मागची चाकं), फोर हाय (चारही), फोर लो (चारही, पण लो रेंजमध्ये) असं निवडायचं. फोर लोमध्ये गाडी अगदी संथ चालते पण चाकावर जोर खूप जास्त मिळतो, म्हणजे चढावर क्लच जाळत बसावं लागत नाही आणि उतरताना ब्रेकवर उभं राहावं लागत नाही, इंजिनच गाडी धरून ठेवतं. जिप्सी आणि जुन्या थारमध्ये ही सगळी व्यवस्था पार्ट टाइम आहे, पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, नाही. वळताना पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा मोठ्या गोलातून जातात, तो फरक कुठेतरी जिरायला हवा, मातीत चाक घसरून जिरतो, कोरड्या डांबरावर जिरत नाही आणि मग सगळा ताण शाफ्ट, क्रॉस (शाफ्टच्या टोकाचे सांधे) आणि ट्रान्सफरवर येतो. ज्या मालकाने हायवेला रुबाबात फोर हाय टाकून गाडी पळवलीय त्याच्या गाडीचं ट्रान्सफर आतून कसं असेल ते ह्यावरून समजा. आणि एक, फोर बाय फोर म्हणजे चारही चाकं कायम सारखा जोर लावतात असं नाही. साध्या डिफरन्शियलमध्ये जे चाक हवेत किंवा चिखलात मोकळं होतं तेच गरागरा फिरत राहतं, त्यामुळे समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाकं उचलली गेली तर फोर बाय फोरसुद्धा जागेवर उभी राहते. जुन्या थारच्या २०१५ नंतरच्या मॉडेलला मागे लॉकिंग डिफरन्शियल मिळालं, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं, ते ह्या कामासाठी फार उपयोगाचं.

हे सगळं कळलं की गाडी तपासणं सोपं होतं, कारण काय कुठे जोडलेलं असायला हवं ते माहीत असतं.

नवी मुंबईतल्या एका डीलरकडची जिप्सी सांगते. चकचकीत हिरवा रंग, उंच केलेली, रुंद टायर, पुढे विंच. मी छोटा गिअर टाकला, डॅशबोर्डवर फोर बाय फोरचा दिवा लागला. डीलरने लगेच, 'बघा मॅडम, चालू आहे ना'. आमचे मिस्त्री काही बोलले नाहीत, चादर अंथरून खाली गेले आणि खालूनच मला हाक मारली, 'ताई, इकडे या'. ट्रान्सफरपासून पुढच्या हौसिंगकडे (दोन चाकांमधलं लोखंडी कवच, ज्यात डिफरन्शियल असतं) जाणारा शाफ्टच नव्हता! चार बोल्टची जागा रिकामी, त्यावर रंग मारलेला. दिवा ट्रान्सफरवरच्या स्विचवर लागतो, पुढे शाफ्ट आहे की नाही हे त्या दिव्याला कळत नाही. बरेच जण आवाज येतो म्हणून किंवा ॲव्हरेज वाढेल ह्या आशेने पुढचा शाफ्ट काढून ठेवतात आणि मग तो कुठेतरी हरवतो. डीलरला विचारलं तर म्हणे तुम्हाला मुंबईत फोर बाय फोर लागतंय कुठे. अहो पण तुम्ही जाहिरातीत तेच लिहून पन्नास-साठ हजार जास्त मागताय ना! मला फसवणुकीचा खरंच संताप येतो, कारण कोणीतरी नवखा मुलगा पहिल्या पगाराचे पैसे साठवून ही गाडी घेईल आणि घाटात चिखलात अडकल्यावर त्याला हे कळेल.

म्हणून त्यानंतर प्रत्येक गाडीला मिस्त्रींनी सांगितलेली एक चाचणी आम्ही करायचो. सपाट जागेवर गाडी उभी करा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड लावा. छोटा गिअर फोर हायला टाका, मोठा गिअर पहिल्यात, पुढच्या चाकांच्या मध्यभागी हाताने फिरवून लॉक करायचं हब असेल तर ते लॉक करा. मग पुढचं एकच चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवून बघा. थोडंसं हलून अडलं तर पुढची जोडणी शाबूत आहे. मोकळं फिरलं तर कुठेतरी जोडणी तुटलीय, शाफ्ट नाही, हब लॉक होत नाही किंवा आत काहीतरी गेलंय. दहा मिनिटांचं काम आहे. ज्या विक्रेत्याची गाडी चांगली असते तो स्वतः जॅक काढून देतो, हा माझा अनुभव.

आता पाण्याबद्दल, आणि मुंबईच्या गाडीत हाच मुद्दा सगळ्यात मोठा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, त्यात बुडालेल्या गाड्या पुढे कित्येक वर्षं बाजारात फिरत होत्या. ते जुनं झालं, पण त्यानंतरही २९ ऑगस्ट २०१७ होताच, आणि अंधेरी सबवे, मिलन सबवे, हिंदमाता इथे तर दरवर्षी कोणी ना कोणी गाडी घालतंच. उंच गाडीवाला जास्त घालतो! त्याला वाटतं आपली गाडी तर ह्यासाठीच आहे. हौसिंगला वर एक छोटी नळी असते, ब्रीदर, आतली तापलेली हवा बाहेर जायला. ही नळी चिखलाने बुजली असेल आणि चालवून गरम झालेलं हौसिंग एकदम गार पाण्यात गेलं की आतली हवा आकुंचन पावते आणि ऑइल सीलमधून पाणी आत ओढून घेते. मालकाला काही कळतही नाही. आत ऑइल आणि पाणी घुसळून क्राऊन-पिनियन (डिफरन्शियलचे गिअर) आणि बेअरिंग खराब व्हायला लागतात.

बघायचं कसं? हौसिंगचा ड्रेन प्लग सैल करून थोडं ऑइल काढायचं. विक्रेता कुरकुर करतो, त्याला सांगायचं ऑइल आम्ही भरून देतो. एका देखण्या काळ्या थारच्या मागच्या हौसिंगमधून जे बाहेर आलं ते टपरीवरच्या दुधाळ चहाच्या रंगाचं होतं, बोटांवर घेतलं तर चिकटपणाच नाही. मिस्त्रींनी तोच हात फडक्याला पुसला, मग ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. वरचा अर्धा काळाभोर, खालचा अर्धा मातकट, मध्ये सरळ रेघ. सीट कव्हर बदलता येतं, कार्पेट धुता येतं, पण सीटबेल्ट पूर्ण ओढून कोण धुतो. त्यांनी सीटखालच्या रूळाचे स्क्रू बघितले, गंजलेले, डॅशबोर्डखालच्या वायरिंगचे एक-दोन कनेक्टर उपसून बघितले, आत हिरवट बुरशी धरल्यासारखं. तेवढ्यावर ते उठले आणि हळूच म्हणाले, 'ताई, ह्या गाडीने खाडी बघितलीय.' मालक सांगत होता की गाडी कधी पावसात सुद्धा काढली नाही.

समुद्राचं पाणी तर त्याहून वाईट. अलिबाग, नागाव, काशीदच्या बाजूला वाळूत गाडी घालायची हौस असते लोकांना, भरती येते, गाडी अडकते, पेपरात फोटो येतो. ती गाडी नंतर जाते कुठे? धुऊन पुसून बाजारातच येते की. खारं पाणी चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, पोकळ पट्ट्यांच्या आत शिरलं की बाहेरून कितीही अंडरकोटिंग मारा, आतून गंज चालूच राहतो. म्हणून नवीन कोरं काळं अंडरकोटिंग दिसलं की मला आता आनंद होत नाही, शंका येते. छोटी हातोडी घ्या आणि चासीवर हलक्या हाताने ठोकत जा, घट्ट पत्रा ठणठणीत वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. मागचा आडवा मेंबर, बॉडी चासीवर जिथे बसते त्या जागा, चाकाच्या वरचा आतला भाग, काचेच्या फ्रेमची बिजागरी आणि पायाखालचा पत्रा, ह्या जागा सोडू नका. पायाखालचं रबर मॅटिंग उचलायला सांगा. बॉडीचा पत्रा डेंटर बदलून देतो, तुकडा मारून देतो, तो खर्च धरता येतो. चासी गेली असेल तर गाडी गेली, ती कितीही स्वस्त मिळत असली तरी नको.

टायर बघताना नुसती नक्षी बघू नका. पार्ट टाइम फोर बाय फोरला चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत, पुढे नवे आणि मागे झिजलेले असले तर घेर वेगळा होतो आणि फोर हायला तोच ताण ट्रान्सफरवर येतो जो मी वर सांगितला. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. पाचवा टायरपण बघा. सगळेच बदलायचे असतील तर ते पैसे भावातून कमी करून घ्या.

चालवून बघताना जिप्सीत एका गोष्टीकडे खास लक्ष द्या. साठ-सत्तरच्या स्पीडला, विशेषतः छोट्या खड्ड्यावरून गेल्यावर, स्टिअरिंग दोन्ही हातांत जोरात थरथरायला लागलं तर किंगपिनची (ज्यावर पुढचं चाक वळतं त्या खिळीची) बेअरिंग गेलीयत किंवा स्टिअरिंगच्या जोडण्या सैल झाल्यात. हा ह्या गाडीचा जुना आजार आहे, बरा होतो, फार महागही नाही, पण विक्रेता 'अलाइनमेंट करून घ्या, जाईल' म्हणतो ते खरं मानू नका. पाटे (लीफ स्प्रिंग) असल्यामुळे गाडी उडणारच, ते धरून चाला. पाट्यांमध्ये तुटलेलं पान आहे का आणि गाडी एका बाजूला झुकलीय का तेवढं मागे उभं राहून बघा.

मॉडिफिकेशनबद्दल मी आता कडक मताची झालेय. जितकी गाडी कंपनीतून आली तशी, तितकी घ्यायला चांगली. उंच केलेल्या गाडीत शाफ्टचा कोन बदलतो, क्रॉस लवकर जातात, मोठ्या टायरने बेअरिंग आणि ब्रेकवर भार येतो, आणि मालकाने त्याच्या मनाने वायरिंग कापून दिवे लावलेले असतात ते वेगळंच. शिवाय कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच पुन्हा स्पष्ट केलंय. पुढचे ते लोखंडी बुल बार तर डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने बेकायदेशीर म्हणून काढायला सांगितले. ज्या गोष्टीसाठी तुमच्याकडून जास्त पैसे घेतले जातायत तीच गोष्ट उद्या दंडाचं आणि इन्शुरन्स क्लेम अडायचं कारण होऊ शकते.

कागदपत्रं. हा भाग कंटाळवाणा आहे पण इथे अडकलेली माणसं मी बघितलीयत. एमपरिवहन ॲपवर गाडी नंबर टाकून बघा, फिटनेस कधीपर्यंत, इन्शुरन्स, पीयूसी, बँकेचा बोजा आहे का. बोजा असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ई-चलन वेगळं तपासा, जुन्या मालकाची थकलेली चलनं तुमच्या गळ्यात पडतात. गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. चासी नंबर स्वतः गाडीवर शोधून आरसीशी ताडून बघा, आणि त्या जागी घासल्याच्या, वेल्डिंगच्या खुणा आहेत का बघा. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरची पाटी, लावलीय का तेपण विचारा, एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना महाराष्ट्रात ती नव्याने लावून घ्यावी लागते.

जुन्या गाड्यांचं वय हा मोठा मुद्दा. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, त्यानंतर आरटीओत नेऊन पाच-पाच वर्षांनी वाढवायचं, त्यात ग्रीन टॅक्स आला, आणि एप्रिल २०२२ पासून चारचाकीची ही नूतनीकरणाची फी ६०० वरून थेट ५,००० झाली. म्हणजे चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसते ती ह्यामुळे. दिल्लीच्या गाड्यांचंही तसंच. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले त्यामुळे तिकडच्या डिझेल फोर बाय फोर स्वस्तात इकडे येतात. गाडी चांगली असूही शकते, पण एनओसी, महाराष्ट्राचा टॅक्स पुन्हा, नवीन नंबर, हे सगळं जोडून मग भाव बघा, आणि हे काम 'आमचा एजंट करून देतो' ह्या शब्दावर सोडू नका, एमएच नंबर पडल्यावरच शेवटचा हप्ता. 'आर्मी डिस्पोजल जिप्सी' म्हणून पण बऱ्याच विकतात. लिलावाचे कागद आणि आरसी दोन्ही दाखवा म्हटलं की त्यातल्या अर्ध्या लोकांचा फोन पुन्हा येत नाही. इन्शुरन्स १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या, आणि नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, गाडीचा नसतो, त्यामुळे प्रीमियम थोडा वाढणार ते धरून चाला.

शेवटी आम्हाला मिळाली ती पूर्व उपनगरातल्या एका निवृत्त काकांची जिप्सी, २०१३ ची, एमएच-०३, सॉफ्ट टॉप, पांढरी, एकही एक्स्ट्रा दिवा नाही. रंग उडालेला, सीट फाटलेली, हूडला म्हणजे कापडी छताला ठिगळ. काकांनी सर्व्हिसच्या पावत्या एका फाइलमध्ये लावून ठेवल्या होत्या आणि एका वहीत प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल लिहिलेलं. मिस्त्री गाडीखाली गेले ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. मी वाकून बघितलं तर बोटाने चासीवरची माती खरवडत होते, खाली कंपनीचा मूळ काळा रंग. हौसिंगचं ऑइल काळं पण घट्ट, पाण्याचा मागमूस नाही. जॅकवर चाक अडलं. किंगपिनची बेअरिंग करायची आहेत, पुढच्या बाजूला एक सील गळतंय, क्लच वर्षभरात करावा लागेल, आणि हल्लीचं ई-२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल बघता इंधनाच्या सगळ्या रबरी नळ्या बदलून टाका, असं मिस्त्रींनी काकांसमोरच सांगितलं. काकांनी वाद घातला नाही, वहीच्या मागच्या पानावर स्वतःच सगळ्याचा हिशोब मांडला आणि साडेपाचवरून चार लाख नव्वदला आले. मला वाटतं ह्या गाड्यांच्या बाबतीत गाडीइतकाच तिचा माणूस बघावा.

मुंबईत चालवायला ही गाडी आरामाची नाही. पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही, एअरबॅग नाही, लालबागच्या ट्रॅफिकमध्ये दुपारी जीव जातो, ॲव्हरेज शहरात दहाच्या आसपास. घरातली एकमेव गाडी म्हणून मी कोणाला सुचवणार नाही, लहान मुलं असतील तर नाहीच. पण जूनमध्ये खताची पोती मागे टाकून त्या चढावर गेलो तेव्हा फोर लो, पहिला गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटरवर जवळजवळ पायच नव्हता, गाडी आपली चालत्या माणसाच्या वेगाने वर जात होती. शेवाळलेल्या जांभ्यावर मागचं डावं चाक एकदा घसरलं, पुढच्या चाकांनी ओढून घेतलं. सासरे शेजारी बसले होते, दोन्ही हातांनी पुढची दांडी धरून. वर पोचल्यावर खाली उतरले आणि म्हणाले, 'आता कलमं लावूया वरच्या अंगाला पण.' ती जागा त्यांनी बरीच वर्षं सोडून दिली होती.

एक विनंती मात्र ह्या गाड्या घेणाऱ्या सगळ्यांना. गाडी कुठेही जाते म्हणून कुठेही नेऊ नका. रत्नागिरी जिल्ह्यातल्या सड्यांवर, उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे अशा कितीतरी ठिकाणी जांभ्यात कोरलेली कातळशिल्पं आहेत, हजारो वर्षांपूर्वीची, २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली आहेत. सडा वरून नुसता उघडा माळ दिसतो, पाऊस पडला की चाकं फिरवायला मोह होतो, पण तुमच्या टायरखाली काय आहे ते तुम्हाला दिसत नसतं. पावसाळ्यात तिथे उगवणारी फुलं, गवत, तेही एकदा चिरडलं की त्या एवढ्याशा मातीत लवकर येत नाही. गडांचंही तेच. वाट असेल त्या वाटेने चला, कोणाच्या जागेतून जायचं तर विचारून जा.

आता पुढची कामं. किंगपिनची बेअरिंग झाली, सील झालं, नळ्या बदलल्या, ब्रीदरला लांब पाइप लावून तो बोनेटमध्ये वर आणून बांधला, तीनशे रुपयांचं काम आहे, ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी करून घ्याच. राहिलंय ते हूड. कुर्ल्याला तयार मिळतं पण त्याची शिवण पावसात टिकत नाही असं दोघा-तिघांनी सांगितलं. जाड ताडपत्रीचं, नीट मापाने, शिवणीवर पट्टी मारून जिप्सीचं हूड शिवून देणारा कोणी चांगला कारागीर मुंबई-ठाण्यात माहीत असेल तर नक्की कळवा, गणपतीच्या आधी करून घ्यायचंय.